राखणेचा कोंबडा, एकूण गुण १६.७

शनिवारी संध्याकाळी मालवणात माझा बळी गेला, तोही माईक टेस्टिंग करून. दांडीच्या बाजूला एका जुन्या कौलारू घरात दोन पोरांनी कॅफे काढलाय, एक पुण्याचा आणि एक माझाच माजी विद्यार्थी, तिथे पोएट्री स्लॅम, म्हणजे स्टेजवर कविता म्हणायची स्पर्धा होती. "सर, सुरुवात तुमच्यापासूनच करायचीय" असा फोन आला. सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला एवढं वाक्य पुरतं. उद्घाटनाचा मान समजून इस्त्रीचा झब्बा चढवला, वडिलांचा जुना कंदील घेतला (कवितेत कंदील आहे) आणि गेलो.

कंदील दारातच काढून घेतला. प्रॉप चालत नाही, वाद्य चालत नाही, वेशभूषा चालत नाही. झब्ब्याकडेही त्या पुणेकराने जरा संशयानेच पाहिलं.

मग परीक्षक निवडले. स्लॅममध्ये ते प्रेक्षकांतूनच पाच उचलतात आणि कवितेशी संबंध नसेल तर उत्तम. चार मिळाले, त्यातली एक माझी मामेबहीण. पाचवा म्हणून दाराजवळच्या बाकावर बसलेल्या आजोबांच्या हातात पाटी आणि खडू दिला. आजोबा कार्यक्रमाला आलेच नव्हते हो! सकाळी चाळीस शहाळी टाकून गेले होते, त्याचे पैसे घ्यायला बसले होते.

मी वाचली कविता. शेवटची ओळ म्हणजे समुद्राला विचारलेला प्रश्न, ती म्हणून डोळे मिटले तर खोलीभर चुटक्या. स्लॅममध्ये दाद अशी देतात. आजोबा शेजारच्याला खणखणीत आवाजात म्हणाले, "सगळ्यांका एकदम जांभय कशी इली?"

पाट्या वर झाल्या. ५.८, ६.१, ६.३, मामेबहिणीचे ९. आणि आजोबांच्या पाटीवर १६००.

टाळ्या, शिट्ट्या. खरं सांगतो, एक क्षण मलाही वाटलं की एवढा रसिक माणूस शहाळी का विकतोय.

"आजोबा, दहाच्या आत लिहायचं," पुणेकर म्हणाला.

"दहा रुपयाक शहाळा खय गावता? चाळीस नग, चाळीस रुपयान. हिशोब कर."

"शहाळ्याचं नाही, सरांचं. शून्य ते दहा. पॉइंटमध्ये पण देता येतं."

आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, नारळ सोलायच्या आधी बघतात तसं. "मास्तरानू, तुमी सवाल घातलास. पण समोरचो बुवा खय? जाब येऊच्या आधी मार्क कशे देवचे?"

आता यात त्यांचं काय चुकलं सांगा. ते डबलबारीत वाढलेले. दोन बुवा समोरासमोर पेट्या घेऊन बसणार, एकाने भजनातून कोडं घालायचं, दुसऱ्याने ते सोडवून उलट टोला हाणायचा, मधे पखवाज, रात्र सरली तरी कोणी उठत नाही. तिकडे रत्नागिरीकडे शक्ती-तुऱ्यात पण तेच, पुराणातले सवाल-जवाब. आणि ही पोरं मला सांगणार की कवितेची स्पर्धा ही शिकागोहून आलेली नवी गोष्ट! स्लॅममध्ये एकाला मिनिटं तीनच, तेवढ्यात तर आमच्या बुवाचं नमन आटपत नाही.

"समोर कोणी नसतं, आजोबा."

"मगे ह्यो जिंकतलो कोणाक?" म्हणत त्यांनी १६०० पुसलं आणि ४.२ लिहिलं. हे .२ कशाचे ते मी अजून विचार करतोय.

खरा घाव पुढे. पाचातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा उडवतात, म्हणजे आजोबा गेले तशी मामेबहीणही गेली. उरले १८.२, तीसपैकी. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंद माफ, त्यापुढे दर दहा सेकंदांना अर्धा गुण कट. मी तीन मिनिटं पस्तीस सेकंद घेतली, दीड गुण गेला. १६.७. आणि मग माझा विद्यार्थी कोकम सरबत घेऊन आला आणि म्हणाला, "सर, टेन्शन नको, तुमचा स्कोअर मोजत नाहीत. तुम्ही सॅक्रिफिशियल पोएट." म्हणजे परीक्षकांचा हात बसावा म्हणून आधी एकाला सोडायचं. आपल्याकडे राखणदाराला, म्हणजे राखण करणाऱ्या देवाला, देतात तो कोंबडा. बरं, जे मोजायचंच नाही त्यातून दीड गुण कापता कशाला? कोंबड्याला कोणी उशीर झाला म्हणून दंड करतं का?

माझी समजूत काढायला त्याने इतिहास सांगितला. मार्क स्मिथ नावाचा शिकागोचा बांधकाम मजूर, प्राध्यापकी काव्यवाचनांना वैतागलेला, १९८४ मध्ये त्याने एका बारमध्ये हे सुरू केलं आणि १९८६ च्या जुलैपासून ग्रीन मिल क्लबात, जिथे पूर्वी अल कपोन या गुंडाची उठबस होती. १९९० ला तर सॅन फ्रान्सिस्कोत राष्ट्रीय स्पर्धा. स्मिथने स्टेजवर नाव सांगितलं की अख्खा क्लब ओरडतो, 'सो व्हॉट!' मालवणात हे शिकवावं लागत नाही, इथे माणूस कितीही मोठा होऊन आला तरी 'मगे?' तयार असतं. पण बोलता बोलता पोरगा हेही बोलून गेला की मूळ ग्रीन मिलमध्ये चुटक्या म्हणजे दाद नव्हे, कंटाळा! त्यानेही भागलं नाही तर पाय आपटायचे, मग कण्हायचं. मला मिळालेल्या चुटक्या कुठल्या पद्धतीच्या, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आजोबांचा जांभईचा अंदाज मात्र तेव्हापासून डोक्यात घर करून बसलाय.

या गडबडीत कंदील राहिला. काल आणायला गेलो तर तो स्टेजच्या कोपऱ्यात टांगलेला, आत पिवळा एलईडी. "राहू दे ना सर थोडे दिवस, मस्त व्हाइब येते," पोरगा म्हणाला. कवितेत प्रॉप, भिंतीवर डेकोरेशन. पुणेकर येईपर्यंत थांबा म्हणाला, त्यालाच विचारा.

बाकावर आजोबा बसलेच होते.

"तुमचा काय रवला?" त्यांनी विचारलं.

"कंदील."

"बसा मगे," म्हणाले, आणि सरकून जागा केली.