धारवाल्यापासून सुटका

आइस हॉकी खेळताना पडलात की उठायची घाई करू नका. तिथेच बसल्या बसल्या एक पाय वर घ्या, स्केटच्या पात्यावरून नख फिरवा आणि मान हलवा. सगळ्यांना दिसेल इतपत हलवा. एवढं केलं की चूक तुमची राहत नाही, धारेची होते.

'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणणाऱ्याच्या काळात अंगणं खरंच वाकडी असायची, त्यामुळे त्याचं भागून गेलं. बर्फावरही ती सोय होती. पण १९४९ साली कॅलिफोर्नियात फ्रँक झाम्बोनी नावाच्या गृहस्थाने रिंकचा बर्फ तासत, धूत, वर पाण्याचा पातळ थर सोडत जाणारी गाडी बनवली आणि आपल्या जमातीची पंचाईत केली. ती गाडी नुकती फिरून गेलेल्या रिंकवर कोणाला काय वाकडं दाखवणार? त्याच्या कितीतरी आधी माणसं पायाला जनावरांची हाडं बांधून, हातातल्या काठीने स्वतःला बर्फावरून रेटत जायची. हाडाला कड नव्हती, म्हणून धारेवरून भांडणही नव्हतं. मग मध्ययुगात नेदरलँड्सकडे धातूच्या पात्याला कड आली, काठी सुटली, नुसत्या पायाने रेटा देता येऊ लागला. आणि कड आली म्हटल्यावर ती लावून देणारा आलाच.

आपल्याला सुटका करून घ्यायची आहे ती त्याच्यापासून. वाईट धारवाल्याचा तसा काही जाच नसतो. तो स्केट घेतो, पैसे घेतो, स्केट परत देतो. जाच चांगल्याचा. तो प्रश्न विचारतो. वजन किती? पुढे खेळता की बचावाला? मागच्या वेळी हॉलो कितीचा होता? वळताना आतली कड सुटते की बाहेरची? आपण आठवड्यातून एकदा, कोणालाच नको असलेल्या वेळी मिळालेल्या बर्फावर तासभर धापा टाकणारी माणसं. आपल्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा आहेत, ही बातमी आपल्याला त्याच्याच तोंडून कळते, तीही मागे पाच जण रांगेत उभे असताना.

म्हणून यंत्र घ्या. टेबलावर मावेल एवढी पेटी असते. स्केट वरून आत अडकवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं. आत खरखरीत लेप दिलेली एक गोल रिंग फिरत फिरत पात्याखालून मागे-पुढे जाते, दिवा लागतो, थोड्या वेळाने सूचनेचा आवाज होतो आणि धार तयार. पेटी तुमचं वजन विचारत नाही.

फक्त कितीच्या हॉलोची रिंग बसवायची, एवढं एकदा ठरवावं लागतं. इथे घाबरून जाऊ नका, पण थोडं समजून घ्या, कारण पुढे वादात लागेल. हॉकीच्या स्केटचं पातं सुरीसारखं निमुळतं नसतं. ती साधारण ३ मिलिमीटर जाडीची पट्टी असते आणि तिच्या तळाला टाचेपासून चवड्यापर्यंत एक उथळ पन्हळ कोरलेली असते, तोच हॉलो. पन्हळीच्या दोन्ही काठांना ज्या कडा उरतात, तीच धार. ही पन्हळ ज्या वर्तुळाचा तुकडा असते त्याची त्रिज्या इंचात सांगतात : तीन अष्टमांश, अर्धा, पाच अष्टमांश, कोणाची पार एक इंच. त्रिज्या जितकी लहान तितकी पन्हळ खोल, कड बर्फात जास्त रुतते आणि घसरत जाणं तेवढंच जड होतं. वजनदार गड्याची कड आपल्या भारानेच रुतते, त्याला उथळ पन्हळही पुरते.

आता मी एकदा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला (आदल्या रात्री आम्ही हरलो होतो आणि कारण शोधायचं काम माझ्याकडे होतं). अर्ध्या इंचाच्या पन्हळीची मधोमध खोली भरते जेमतेम ०.०९ मिलिमीटर. पाच अष्टमांशाची ०.०७. दोहोंतला फरक वहीच्या पानाच्या जाडीचा पाचवा हिस्सा. एवढ्याशा फरकावरून एकाच संघातली माणसं एकमेकांशी बोलायची थांबलेली मी पाहिली आहेत. आणि वाईट याचं वाटतं, की हा फरक पायाला खरोखर कळतो. तुमच्या नाही, माझ्याही नाही. पण ज्यांच्या पायाला कळतो त्यांना बर्फावर पाय ठेवल्या ठेवल्या कळतो. तुम्ही आपला अर्धा इंच सांगा. काहीच न सांगणाऱ्याला बहुतेक ठिकाणी तेवढाच देतात, म्हणजे तुमचं अज्ञान आणि प्रचलित पद्धत यांचा छान मेळ बसेल.

यंत्र आणलंत की हातवाल्यांशी वाद होणारच. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : 'हाताची सर यंत्राला नाही.' तेव्हा त्यांना नम्रपणे विचारा, हाताने म्हणजे कशाने हो? कारण हा 'हातवाला' काही निसण्यावर पातं घासत बसलेला नसतो. त्याच्यापुढे विजेच्या मोटरीवर गरगरणारं चाक असतं. त्या चाकाला तो हिऱ्याच्या टोकाने हवी तितकी गोलाई देतो, स्केट पकडीत आवळतो आणि ती पकड सपाट पाटावरून चाकाला लावत ओढतो. म्हणजे भांडण दोन मोटरींचं आहे. एकीच्या शेजारी माणूस उभा आहे, एवढाच फरक.

आता तो माणूस कोण, हे मात्र विचारायला लावू नका. 'कसबी हात' असं म्हटलं की डोळ्यांपुढे पिकल्या मिश्यांचा, चष्मा कपाळावर चढवलेला कोणी उस्ताद येतो. प्रत्यक्षात चाकामागे बऱ्याचदा असतो तो काल भाड्याचे स्केट मोजायला ठेवलेला आणि आज धारेला बसवलेला पोरगा. त्याने चाकाचा मध्य आणि पात्याचा मध्य जुळवला नाही की पन्हळ एका बाजूला सरकते आणि एक कड उंच, एक बुटकी होते. चाक ०.१ मिलिमीटर सरकलं तर कडांमध्ये साधारण ०.०२ मिलिमीटरचा फरक पडतो. वाचायला क्षुल्लक वाटतो. बर्फावर मात्र डावीकडे वळताना पातं चिकटून बसतं आणि उजवीकडे वळताना तुम्ही थेट कठड्याला जाऊन भेटता. दोन्ही कडांवर आडवी पट्टी ठेवून ती पात्याशी काटकोनात बसते का, हे पाहायला अर्धं मिनिट लागतं. त्या अर्ध्या मिनिटासाठी त्या पोराला कोणी पैसे देत नाही. माझ्या एका जोडीचं डावं पातं असंच एका काउंटरवरून परत आलं आणि पुढचे तीन आठवडे मी संघात 'फक्त डावीकडून वळणारा' म्हणून ओळखला गेलो.

दुसरा प्रताप टोकांचा. पातं लांबीतही सरळ नसतं. ती नऊ, दहा, अकरा फूट अशा मोठ्या त्रिज्येची हलकीशी कमान असते, म्हणूनच जागच्या जागी वळता येतं. घाईने ओढणारा हात चवड्याशी आणि टाचेशी जरा जास्त दाबला जातो. प्रत्येक वेळी थोडं थोडं पोलाद जातं आणि वीस धारांनंतर तुमच्या पायाखाली पातं नसून पाळणा असतो. झोप लागत नाही, पण झोके भरपूर.

हे सगळं पेटी करत नाही. पहिल्या जोडीला जे केलं तेच चाळिसाव्या जोडीला करते. तिला कंटाळा नाही, घरी जायची घाई नाही, फोन येत नाही. एवढं तिच्या बाजूने बोलायलाच हवं, आणि मी उपरोधाशिवाय बोलतोय, तेवढी दोन वाक्यं सोडून द्या.

फक्त एक लक्षात ठेवा. एकसारखं म्हणजे बरोबर नव्हे, हे कोणाला उलगडून सांगू नका. पेटीतली पकड तुमच्या पात्याच्या मध्याशी जुळवून घेतलेली नसेल, तर ती उंच-बुटकी कड तुम्हाला दर वेळी, न चुकता, तितकीच मिळेल. पातं मुळात किंचित वाकलं असेल तर पेटी त्या वाकाचा मान राखेल. आणि आधीच्या पोराने केलेला पाळणा असेल, तर त्याच्या वळणावरून रिंग इतक्या निष्ठेने फिरेल की पाळणा पिढीजात वाटावा. चांगला धारवाला इथे काय करतो? एक डोळा मिटून पातं बंदुकीसारखं डोळ्यापुढे धरतो आणि म्हणतो, 'हे वाकलंय.' चाक लागल्याचा आवाज बदलला की हात हलका करतो. ठिणग्या कुठे दाट, कुठे विरळ पडतात ते पाहतो. शेवटी बारीक दगड कडेच्या बाजूने फिरवून चिकटलेली धातूची कूस काढतो. हे शेवटचं काम पेटीवाल्यांनाही हाताने करायला सांगितलेलं असतं, दगडही बऱ्याचदा सोबत येतो. तुम्ही तो खोक्यातच राहू द्या. कूस असली की पहिल्या दोन फेऱ्या धार भलती कडक वाटते. तिसऱ्या फेरीत ती निघून जाईल, तोवर तुम्ही सगळ्यांना यंत्राचं कौतुक सांगून झालेलं असेल.

कोणी एनएचएलचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, दाखला दिलाच, तर तोही ऐकून घ्या. त्या संघांकडे हवं ते यंत्र घ्यायला पैसा आहे आणि तरी प्रत्येक संघाबरोबर साहित्य सांभाळणारी माणसं गावोगाव फिरतात. कोणाला कितीची पन्हळ लागते हे त्यांना ठाऊक असतं. सामना चालू असताना कड गेली तर खटका दाबून अख्खं पातंच बदलता येईल असे स्केट आता मिळतात, आणि धार लावून ठेवलेली जादा पाती बाकाशेजारी तयार असतात. यावर तुमचं उत्तर : 'त्यांची गोष्ट वेगळी.' हे खरंही आहे. त्यांचं पातं वापरून बोथट होतं. आपलं दारापासून रिंकपर्यंत कव्हर न घालता फरशीवरून चालल्यामुळे.

घरी पेटी आली की प्रत्येक खेळाआधी धार लावा. गरज नसते, पण बटण समोर असतं. दर फेरीला पोलाद थोडं झिजतं, रिंगही झिजते. काही पेट्यांच्या रिंगमध्ये तर फेऱ्या मोजणारी चिप असते आणि हिशेब संपला की ती काम थांबवते. तुमचे गोल मोजायची सोय मात्र अजून कोणी केलेली नाही.

महिन्याभरात संघात बातमी पसरेल. मग एक जण जोडी आणून देईल, 'जाता जाता लावून ठेव.' मग तिघे. मग गोलकीपर, ज्याचं पातं जास्त जाड असल्यामुळे पकड नव्याने जुळवावी लागते. तुम्ही अंधारात टेबलाशी उभे, शेजारी सात जोड, प्रत्येकाला ओल्या मोज्यांचा वास. एका जोडीचं एक पातं तुम्हाला काहीतरी खटकेल. पेटीत घालण्याआधी तुम्ही ते उचलाल, एक डोळा मिटाल, दिव्याकडे धराल. दुसऱ्या दिवशी त्याचा मालक घ्यायला येईल तेव्हा तुमच्या तोंडून निघून जाईल, 'वजन किती रे तुझं? आणि वळताना सुटते ती कुठली, आतली की बाहेरची?'

तो गोंधळून तुमच्याकडे बघेल. मागे दोघं रांगेत असतील. संध्याकाळी तो निळ्या रेषेजवळ आपटेल, बसल्या बसल्या पाय वर घेईल, पात्यावरून नख फिरवेल, आणि मान हलवत बाकावर तुम्ही कुठे बसलाय ते शोधेल.