शिफारशीवर किती विसंबावे?
प्राथमिक शाळेतील प्रज्ञावंत मुलांची खास वर्गांसाठीची निवड शिक्षकांच्या शिफारशीवरच सोपवावी, कारण मुलांना रोज तेच पाहतात, हे लेखातील मत मला अर्धेच पटले. शिक्षकांच्या नजरेत बहुधा नीटनेटकी वही आणि वर केलेला हात भरतो. कंटाळून खिडकीबाहेर पाहणारे किंवा शाळेची भाषा नुकतीच शिकू लागलेले मूल त्या नजरेतून सहज निसटते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये दुसरीच्या सर्व मुलांची, शब्दांऐवजी आकृत्यांवर आधारलेली प्राथमिक चाचणी सुरू केली, तेव्हा डेव्हिड कार्ड व लॉरा जुलियानो या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिल्याप्रमाणे गरीब, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांची निवड लक्षणीय वाढली. निवडीसाठी लागणाऱ्या बुद्ध्यंकाचा निकष मात्र बदललेला नव्हता. म्हणजे ही मुले आधीपासूनच पात्र होती, त्यांचे नाव कोणी सुचवले नव्हते इतकेच. (खासगी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून घेणे ज्या पालकांना परवडते, त्यांचा मुद्दाही लेखात यायला हवा होता.) तरीही एका दिवसाच्या गुणांवर कायमचे दार बंद करू नये. निकष १३० बुद्ध्यंकाचा असेल, तर १२९ आणि १३० यांतील फरक चाचणीच्या मापनदोषातच मावतो, त्यामुळे काठावरच्या मुलांना पुढील वर्षी पुन्हा संधी मिळावी.