खुलासा : गोठ्यात तीन राजे आले नव्हते

नाताळ जवळ आला की एक मेसेज फिरू लागतो : ‘येशूजन्माच्या रात्री तीन राजे गोठ्यात दर्शनाला आले, असं बायबल सांगतं.’ बायबल तसं सांगत नाही.

येशूजन्माची गोष्ट बायबलमधल्या लूक आणि मत्तय या दोन पुस्तकांत आहे. गव्हाणी आणि मेंढपाळ लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहेत, पण तिथे मागी (मेसेज ज्यांना राजे म्हणतो ते) नाहीत. ते येतात मत्तयच्या दुसऱ्या अध्यायात, आणि तिथे गव्हाणी नाही. अकरावी ओवी उघडून बघा : ते ‘घरात’ जातात आणि आईजवळ बाळ पाहतात. पुढे तिथला राजा हेरोद दोन वर्षांच्या आतले मुलगे मारायला सांगतो, तेही मागींकडून काळ नीट विचारून घेतल्यावर. म्हणजे भेट त्याच रात्रीची असण्याची शक्यता कमीच.

तीन हा आकडा भेटवस्तूंचा : सोनं, ऊद, गंधरस. माणसं किती, हे मत्तय लिहीत नाही. मागी म्हणजे पूर्वेकडचे ताऱ्यांचे जाणकार. त्यांना राजेपण नंतरच्या परंपरेनं दिलं, बायबलमधल्याच यशया 60 आणि स्तोत्र 72 मधल्या नजराणे आणणाऱ्या राजांवरून. गास्पार, मेल्किओर, बाल्थाझार ही नावंही नंतरचीच.

गोव्यात 6 जानेवारीला तीन राजांचं फेस्त होतं, ते याच परंपरेतलं. खुशाल जा, फक्त ‘बायबलमध्ये लिहिलंय’ म्हणून फॉरवर्ड करू नका.