पदव्युत्तर प्रवेशेच्छूंस चार हिताच्या गोष्टी

पदवीच्या शेवटच्या सत्राचा निकाल लागला आणि आता एम.ए. किंवा एम.एस्सी. करावे असे आपल्या मनाने घेतले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन आणि लगोलग एक विनंती: आपल्याला त्या विषयाची आवड आहे, ही गोष्ट कोणापाशीही बोलू नये. मित्र कुठे अर्ज भरतो आहे, मागच्या वर्षी कोणत्या विभागात जागा शिल्लक राहिल्या होत्या आणि विद्यापीठाजवळच्या सायबर चौकाकडे जाणारी केएमटीची, म्हणजे कोल्हापूर महापालिकेची, बस किती वाजता सुटते, या तीन बाबींचा मेळ घालून विषय रंकाळ्याच्या काठी भेळ खाताखाता ठरवायचा असतो. माहितीपुस्तिका उघडूच नये. दोन वर्षांचे 88 क्रेडिट, संशोधनपद्धतीचा पेपर असला मजकूर तीत असतो. तो वाचणाऱ्याला प्रश्न पडू लागतात, आणि प्रश्न पडलेल्या माणसाचा अर्ज वेळेत भरून होत नाही.

आपली खरी विद्वत्ता लागते ती स्वतःच्या नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपले आडनाव आधी येते, आधार कार्डावर ते शेवटी जाऊन बसते, हे तर चालायचेच. पण आपल्या वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर 'बाबासाहेब', रेशनकार्डावर 'बाबासो' आणि आधारवर नुसतेच 'बाबा' असेल, तर संगणकाच्या दृष्टीने आपल्याला तीन वडील आहेत. आपल्याकडे 'सो' म्हणजे 'साहेब' हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, परंतु ते प्रणालीला कोणी सांगितलेले नाही. हे तिन्ही वडील एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि त्यासाठी चौथ्या, म्हणजे प्रत्यक्ष वडिलांना, अर्ध्या दिवसाची रजा टाकून यावे लागते.

दाखल्यांच्या बाबतीत घाई करू नये. जुना उत्पन्नाचा दाखला फायलीत आहे एवढ्यावर निर्धास्त राहावे. त्याची मुदत 31 मार्चलाच संपली आहे, हे अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात कळले म्हणजे सेतू केंद्रातल्या रांगेत निम्मी वर्गमित्रमंडळी भेटतात. जात, उत्पन्न आणि वास्तव्य यांच्या दाखल्यांसाठी कराव्या लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरचे मुद्रांक शुल्क शासनाने 2004 सालीच माफ केले आहे, असे कोणी सांगू लागले तर ऐकून घ्यावे आणि शांतपणे पाचशे रुपयांचा मुद्रांक विकत घ्यावा. फुकट झालेल्या कामावर घरात कोणाचाच विश्वास बसत नाही.

महत्त्वाकांक्षा मोठी असेल आणि परराज्यातल्या किंवा परदेशातल्या विद्यापीठावर डोळा असेल, तर शिफारसपत्रेही लागतात. यासाठी ज्या सरांनी तीन वर्षांत आपल्याला एकदाही नावाने हाक मारलेली नाही, त्यांनाच गाठावे. बाहीवरचा खडू झटकत ते म्हणतील, "तूच लिहून आण की, मी सही करतो." मग रात्री जेवण झाल्यावर दार लावून बसावे आणि स्वतःच्या विनम्रतेचे वर्णन तृतीयपुरुषी, भरघोस विशेषणांनी करावे. 'या विद्यार्थ्याला मी जवळून ओळखतो' हे वाक्य अवश्य घालावे. सबंध पत्रात तेवढेच खरे असते, कारण लिहिणारे आपणच असतो.

हा विषय आपल्याला का शिकायचा आहे हे सांगणाऱ्या हेतुनिवेदनाचा आरंभ मात्र 'राजर्षी शाहू महाराजांच्या पावन भूमीत माझा जन्म झाला' या वाक्यानेच करावा. महाराजांनी 1901 साली खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह काढले, 1917 साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम दिला आणि शिकू पाहणाऱ्या पोराच्या वाटेतला एकेक अडसर दूर केला, या तपशिलात मात्र शिरू नये. तो वाचता वाचता हातातली फाइल उगाच जड वाटू लागते. नावानंतर थेट 'तळागाळातल्या घटकांसाठी कार्य करण्याची मनीषा' यावी. कोणता घटक आणि कसले कार्य, हे कोणी विचारत नाही.

अर्ज भरण्याचा मुहूर्त शेवटच्या दिवशी रात्री अकरानंतरचा. राजारामपुरीतल्या एखाद्या नेट कॅफेत आपल्या आधी सात जण असावेत, आपला फोटो 50 केबीच्या मर्यादेत बसवताना कपाळ आणि हनुवटी यांपैकी एकाचा त्याग करावा लागावा, आणि पैसे खात्यातून गेल्यावर पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहावे. त्या क्षणी अंबाबाईचे नाव घ्यावे, पण रिफ्रेशचे बटण दाबू नये. ते दाबून मी एकदा दुप्पट शुल्क भरले आहे. त्यातले एक परत मिळण्याची वाट मी आजही मोठ्या आशेने पाहतो.

यथावकाश गुणवत्ता यादी लागेल, मग दुसरी लागेल, मग आपले नाव प्रतीक्षा यादीतून सरकत सरकत एके दिवशी खिडकीपाशी पोहोचेल. मूळ कागदपत्रे, त्यांच्या छायाप्रती आणि छायाप्रतींच्या छायाप्रती असा सगळा संसार आपण काउंटरवर मांडलेला असेल, वडील शेजारी घाम पुसत उभे असतील, आणि पलीकडचे बाबू मान वर न करता विचारतील, "विषय कोणता?" अशा वेळी गोंधळून वडिलांच्या तोंडाकडे पाहू नये. पिशवीतून पावती काढावी. विषय तिच्या उजव्या कोपऱ्यात छापलेला असतो.