रिकामा रस्ता हवाय ना? मग मंगळावर जा

सायकलवाल्यांचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं: निसर्ग छान आहे हो, पण गाड्या फार. मागून हॉर्न, बाजूने धूर, पुढून उलट्या दिशेने येणारा कुणीतरी, आणि जरा मोकळं मिळालं की नेमका समोरून वारा. तुम्ही त्यातलेच असाल तर कुढत बसू नका. तुमच्या सगळ्या अटी एका फटक्यात पुऱ्या करणारी जागा आहे. पृथ्वीवरची सगळी जमीन एकत्र केली तर जेवढी भरेल, जवळपास तेवढं मंगळाचं क्षेत्रफळ. आणि आजवरची वाहतूक म्हणाल तर पृथ्वीवरून पाठवलेल्या, चाकांच्या सहा यंत्रगाड्या. त्यातल्या चार केव्हाच बंद पडल्या. उरलेल्या दोघी, क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स, एकमेकींपासून हजारो किलोमीटरवर आहेत आणि क्युरिऑसिटीचा सपाटीवरचा कमाल वेग तासाला दीडशे मीटरही नाही. ओव्हरटेक करताना हात दाखवला नाहीत तरी चालेल.

आता गाड्या नाहीत म्हटल्यावर रस्ताही नसणार, हे ओघाने आलंच. त्याचा बाऊ करू नका. तुम्हाला खडतर वाटाच हव्या होत्या ना?

मार्ग निवडताना हात आखडता घेऊ नका. व्हॅलेस मरिनेरिस ही दरी सुमारे ४,००० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी सात किलोमीटर खोल आहे. पण नवख्यांना मी ऑलिंपस मॉन्सच सुचवेन. सूर्यमालेतला हा सर्वांत उंच ज्वालामुखी, सुमारे २२ किलोमीटरचा. नाव ऐकून दचकू नका, कारण त्याचा उतार सरासरी पाचच अंशांचा आहे. कडेला काही ठिकाणी आठ किलोमीटरपर्यंतचा उभा कडा आहे, तेवढा सायकल खांद्यावर घेऊन चढलात की पुढे सगळं निवांत. डोंगर जवळपास ६०० किलोमीटर रुंद आणि मंगळाचं क्षितिज मात्र साडेतीन किलोमीटरच्या आतबाहेर. त्यामुळे तुम्ही डोंगरावर आहात हे तुमच्या फोटोत कुणालाही दिसणार नाही. माळरानावर उभं राहून काढलाय म्हणतील.

चढाची काळजी तर सोडाच. मंगळावर वजन ३८ टक्केच भरतं. सत्तर किलोचे तुम्ही आणि पंधरा किलोची सामानासकट सायकल, म्हणजे पायांना जेमतेम बत्तीस किलो. आहे की नाही मजा? फक्त एक करा, या हिशेबात अंतराळसूट धरू नका. आज अंतराळवीर यानाबाहेर पडताना जे सूट घालतात ते शंभर किलोंच्या वर जातात. ते मिळवलंत की आकडा पुन्हा सत्तरीवर येतो आणि गुरुत्वाकर्षणाने दिलेली सवलत शिंपी वसूल करतो.

समोरच्या वाऱ्याचा प्रश्न मात्र खरोखरच सुटलेला आहे. तिथली हवा आपल्या हवेच्या साठाव्या हिश्श्याइतकी विरळ. ताशी १०० किलोमीटरचं वादळ अंगावर आलं तरी तेरा-चौदाच्या झुळकेएवढं लागेल. २०१८ साली अशाच एका वादळाने अख्खा ग्रह धुळीत बुडाला आणि ऑपॉर्च्युनिटी ही सौरऊर्जेवरची गाडी कायमची गप्प झाली, पण तिला उडवून वगैरे नेलं नव्हतं. सूर्य झाकला गेला, इतकंच. तुमच्या सूटची बॅटरी सौरऊर्जेवर नसेल तर चिंता नको.

उताराला लागलात की मात्र हवेची आठवण येईल. हवा नुसती अडवत नाही, आवरतेही. तिथे तुम्हाला आवरणार फक्त ब्रेक, आणि ब्रेकची सगळी भिस्त चाकाच्या जमिनीवरच्या पकडीवर. वजन घटलं तशी पकडही घटली. तुमचं वस्तुमान मात्र जिथल्या तिथे आहे, मंगळाने त्यात दमडीची सूट दिलेली नाही. म्हणजे थांबायला सुमारे अडीचपट अंतर लागणार आणि वळणही तितकंच ऐसपैस घ्यावं लागणार. ब्रेक दाबायचा तो फुगवलेल्या हातमोज्यातून. मोजा हवेच्या दाबाने ताठलेला असतो, दर वेळी मूठ वळायची म्हणजे त्याच्याशी झटापट. अशा मोज्यांत तासन्‌तास काम करून अंतराळवीरांची नखं उचकटून आल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा लांबच्या उतरणीला निघण्याआधी नखं कापून घ्या.

आणि घंटी काढून टाका. कार्बन डायऑक्साइडच्या त्या विरळ हवेत बारीक, किणकिणता आवाज थोड्याच अंतरात विरून जातो. पर्सिव्हरन्सवरच्या मायक्रोफोनने हे नीट टिपलंय. वाजवणार तरी कुणासाठी म्हणा.

पंक्चरबद्दल लोक उगाच घाबरवतात. क्युरिऑसिटीची चाकं ॲल्युमिनियमची आहेत, त्यांत हवाच नाही. तरी २०१३ पासून वाऱ्याने धार लावलेल्या दगडांनी त्यांना भोकं पाडलीच. त्या चाकांचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा आहे, तुमचं टायर त्याहून जाड असेल. रात्री उणे ऐंशीच्या खाली गेलेल्या थंडीत रबर काचेसारखं कडक होतं ही बाब वेगळी. समजा झालंच पंक्चर, तर पंप आहेच. बाहेरचा दाब आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे इथे शंभर झटक्यांत भरणाऱ्या ट्यूबला तिथे सोळा हजारांच्या आसपास झटके मारावे लागतील. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो, तो वेळ याच कामासाठी राखून ठेवा.

वाळूत रुतलात तर धीर सोडू नका. ऑपॉर्च्युनिटी २००५ मध्ये एका वाळूच्या उंचवट्यात पाचेक आठवडे अडकून बाहेर आली. तिच्यासारखीच दुसरी गाडी, स्पिरिट, २००९ मध्ये अडकली ती तिथेच राहिली. पण तिचंही उदाहरण उमेद देणारं आहे. तिचं एक चाक आधीच बंद पडलेलं, ते फरफटत नेताना माती उकरली गेली आणि खाली जवळपास शुद्ध सिलिका सापडली. विज्ञानाला एवढं मोठं घबाड मिळालं ते चाक फिरत नव्हतं म्हणून. चेन अडकल्यावर चिडचिड करण्याआधी हे आठवा.

धुराचा त्रास शून्य. धुळीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, थायरॉइडला घातक, पण हेल्मेट उघडून श्वास घेण्याचा मोह तुम्हाला एकदाच होईल. उलट तिथे प्रदूषण कुणाचं होणार, तर तुमचं. यानांमधून पृथ्वीवरचे जंतू मंगळावर पोचू नयेत यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत आणि जिथे पाण्याची शक्यता आहे तिथले नियम विशेष कडक. १९७५ मध्ये व्हायकिंग नावाची याने मंगळाकडे पाठवण्याआधी ती शंभर अंशांच्या वर कित्येक तास भाजून काढली होती. सायकल भट्टीत घालता येईल. तुमच्या पोटातल्या जंतूंचं काय करायचं, हे ते नियम राबवणाऱ्या कार्यालयाला आधीच विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा.

सामानाची गाडी मागून येणार असेल तर वेळापत्रक जुळवा. निघण्याचा मुहूर्त २६ महिन्यांतून एकदा येतो आणि प्रवासाला सहा-सात महिने लागतात. फोन करून घाई करण्यात अर्थ नाही, कारण तुमचं ‘हॅलो’ पोचायलाच तीन ते बावीस मिनिटं.

परतताना सायकल तिथेच ठेवलीत तरी हरकत नाही. १९६७ च्या अंतराळ करारानुसार पाठवलेली वस्तू कुठल्याही ग्रहावर पडून राहिली तरी तिची मालकी बदलत नाही. कुलूप घरीच ठेवा. तेवढंच वजन कमी.