रील्ससाठी नव्हे, मावशीच्या ओटीपीसाठी : ‘एक करदाता, म्हापसा’ यांना उत्तर

नमस्कार. साधा फोन चालू राहण्याची हमी सरकारने घ्यावी आणि ज्यांना परवडत नाही त्यांचा खर्च उचलावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, ‘आमच्या करातून लोकांनी रील्स बघायच्या का?’ शिवाय, गोव्यात फोन नसलेला माणूस दाखवा, डेटा स्वस्त झाला तो खाजगी कंपन्यांच्या स्पर्धेमुळे आणि टॉवर आणला की गावच आडवा येतो, असंही तुमचं म्हणणं आहे.

स्पर्धेचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. 2016 नंतर डेटाचे भाव कोसळले ते त्याच चढाओढीने. पण मी डेटा फुकट द्या असं म्हटलेलं नाही. कशाबद्दल म्हटलं ते सांगतो.

माझी मावशी सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर राहते. वय चौऱ्याहत्तर. बटणांचा फोन, तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला. घरात रेंज नाही, म्हणून देवळाजवळच्या फणसाखाली जाऊन उभी राहते. गेल्या वर्षी तिचं रिचार्ज संपलं आणि पावसात कोणी भरलं नाही. तीन महिने वापर नसला की नंबर बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला दिला जातो, हे तिला कोण सांगणार? बँकेतल्या कामासाठी मी तिला घेऊन गेलो, तेव्हा खिडकीतला मुलगा म्हणाला, ‘ओटीपी पाठवला, सांगा.’ ती पिशवी उघडून फोनकडे बघत राहिली. मागे रांग वाढत होती. शेवटी मी माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला, तर एका तरुणाने उचलला. भला माणूस होता. म्हणाला, ‘हो, पेन्शन जमा झाल्याचे मेसेज मला येतात, कोणाचे ते कळत नव्हतं.’ मावशी मला विचारते, ‘पुता, माझे पैसे दुसऱ्याच्या फोनात वाजतात?’

करदाता बाब, तिच्याकडे फोन आहे. तुमच्या मोजणीत ती ‘फोन असलेली’ म्हणूनच धरली जाईल.

ओटीपी तिने मागितला नव्हता. बँक, रेशनकार्ड, आधार, सगळ्यांच्या दाराला मोबाइल नंबराची कडी आपण लावली. मग ती कडी उघडण्याचा खर्च एकट्या तिच्यावर का? गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची पेन्शन म्हणून तिला महिन्याला दोन हजार मिळतात. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना सांगितलं, की डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवा, 365 दिवसांपर्यंतचे. पाऊल चांगलंच होतं. पण मोठ्या कंपन्यांचे वर्षाचे जे प्लॅन आले ते दीड हजाराच्या पुढचे. म्हणजे मावशीचा जवळजवळ एक महिना त्यात गेला.

आता तुमच्या कराबद्दल. यासाठी नवा कर लागत नाही. 2002 पासून टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित महसुलातले (ठरलेल्या वजावटी करून उरणाऱ्या उत्पन्नातले) 5 टक्के जिथे धंदा परवडत नाही तिथे फोनसेवा पोचवण्यासाठी वेगळे काढले जातात. युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणतात त्याला. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव डिजिटल भारत निधी केलं. कंपन्या तो पैसा शेवटी आपल्याच रिचार्जमधून काढतात, तुमच्या आणि मावशीच्याही. बरीच वर्षं त्यातली मोठी रक्कम खर्चाविना पडून होती, याचा मला तुमच्याइतकाच राग येतो. पण तो राग निधी नीट वापरायला लावण्यासाठी हवा. माझं मागणं छोटं आहे : सामाजिक सुरक्षेच्या लाभार्थ्यांचा नंबर रिचार्ज संपलं म्हणून कोणाला देऊ नये, येणारे कॉल आणि एसएमएस चालू राहावेत, आणि त्याची भरपाई या निधीतून व्हावी. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड पोस्टाला तोट्यात पडतं आणि डोंगरातल्या गावात जाणाऱ्या सरकारी कदंब बसचा खर्च तिकिटांवर सुटत नाही. तरी या दोन्ही चालू राहिल्या पाहिजेत, याबद्दल म्हापशात कोणी वाद घातलेला मी ऐकला नाही.

टॉवरच्या विरोधाचं तुमचं खरं आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सांगे-सत्तरीतली मुलं वर्गासाठी डोंगर चढत होती आणि तरीही काही गावांत टॉवर नको म्हणून लोक उभे राहिले. त्यांना किरणांची भीती वाटते. ग्रामसभेत बसून त्यांच्याशी बोलायला हवं, मोजमाप त्यांच्यासमोर करून दाखवायला हवं. हे काम कुठलीही कंपनी चाळीस घरांच्या वाड्यासाठी करणार नाही, कारण चाळीस घरांत तिचा खर्च निघत नाही. 108 ला फोन लावायलाही आधी रेंज लागते आणि आमच्या वाड्यावरून ती फणसाखाली पोचेपर्यंत मिळत नाही.

मावशीला नवं सिम घेऊन दिलं, बँकेत नंबर बदलायला तीन फेऱ्या झाल्या. वर्षाचं रिचार्ज मी भरलं. त्याच वाड्यावर एकट्या राहणाऱ्या आणखी दोघी आहेत, त्यांचं कोण भरतं ते मी अजून विचारलेलं नाही. चवथीला जाईन तेव्हा विचारणार आहे.