दाह दाबला की यकृत बरे होते का?

‘यकृताचा नाश आपल्याच प्रतिकारक पेशी करतात, दाह दाबून टाका, व्रण विरतील आणि यकृत आपोआप भरून येईल’ अशा आशयाचा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. इथे दाह म्हणजे प्रतिकारक पेशींमुळे येणारी सूज, आणि व्रण म्हणजे इजेनंतर यकृतात उरणारे कठीण चट्टे. त्याच्या आरंभी थोडे तथ्य असल्यामुळे पुढचे सारेच खरे वाटू लागते.

प्रतिकारक पेशी इजा करतात, हे मान्य. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतपेशींना सहसा थेट मारत नाही. बाधित पेशी नष्ट करणाऱ्या टी-पेशींमुळेच बरीचशी हानी होते. पण संसर्गही त्याच आटोक्यात ठेवतात, आणि प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांनी दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो.

‘आपोआप’ हा शब्द तर सर्वस्वी चुकीचा आहे. हिगिन्स आणि अँडरसन या संशोधकांनी १९३१ मध्ये रूढ केलेल्या प्रयोगात उंदराच्या यकृताचा सुमारे दोन-तृतीयांश भाग काढला जातो, आणि उरलेला भाग वाढून काही दिवसांतच मूळ वजनाजवळ पोहोचतो. यकृतातच कायम वस्तीला असलेल्या कुप्फर नावाच्या भक्षक प्रतिकारक पेशी त्या वेळी टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ स्रवतात, आणि दाहकारक म्हणून बदनाम झालेली हीच प्रथिने यकृतपेशींना विभाजनासाठी सज्ज करतात. इंटरल्यूकिन-६ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत ही वाढ मंदावते.

व्रणांविषयीचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उंदरांच्या यकृतातील भक्षक पेशी इजा चालू असताना काढल्या, तेव्हा व्रण कमी झाले. इजा थांबल्यानंतर काढल्या, तेव्हा झालेले व्रण विरेनात. म्हणजे पेशी कोणती एवढेच पाहून चालत नाही, वेळही पाहावी लागते.

दाह दाबल्याने नुकसानही होऊ शकते, हे माणसांतही दिसले आहे. मद्यजन्य हिपॅटायटिसच्या रुग्णांना टीएनएफ रोखणारे इटानरसेप्ट दिले, तेव्हा सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण औषध न दिलेल्या गटापेक्षा जास्त निघाले. प्रेडनिसोलोन या दाह दाबणाऱ्या स्टेरॉइडची २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी हजाराहून अधिक रुग्णांवर झाली. तीत २८ दिवसांतील मृत्यू निर्णायकपणे घटले नाहीत, गंभीर जंतुसंसर्ग मात्र वाढले.

स्वप्रतिरक्षी हिपॅटायटिसची गोष्ट निराळी आहे. तिथे प्रतिकारक पेशींचा हल्ला हाच मूळ आजार असल्याने प्रेडनिसोलोन आणि अझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे खरोखर यकृत वाचवतात, आणि हा प्रतिवाद वाचून कोणीही ती औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.